'बंद करा' म्हणणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या पोरास

चि. इंजिनिअरसाहेब,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव घालू नका म्हणालास, म्हणून घातलेलं नाही. पण चारचौघांत आभार मानायचेच होते. आमच्याकडं केबल-इंटरनेटचं कनेक्शन घ्यायला पाच मिनिटं पुरायची. बंद करायचं म्हटलं की गिऱ्हाईक मेटाकुटीला यायचं. फोन एकानं घ्यायचा, व्हॉट्सॲप दुसऱ्यानं बघायचं, लाईनमनला तोंडी निरोप, आणि एक तारखेला बिल हजर. मग "मागच्या महिन्यातच सांगितलंय की ओ!" म्हणत माणूस काउंटरवर यायचा आणि बोलणी मी खायची.

आता तू करून दिलेल्या वेब ॲपमध्ये विनंती चढवली की तिला नंबर पडतो, तारीख-वेळ आपोआप बसते आणि तोच नंबर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो. पुढं 'नोंद झाली', 'राउटर आणला', 'डिपॉझिट परत', 'बंद' अशा पायऱ्या. पायरी कुणी, कधी बदलली ते खाली दिसतं आणि जुनी नोंद कुणालाच पुसता येत नाही, मालकांनासुद्धा. ह्यावरून तुमचं वाजलेलं मी बघितलंय! बिलाबाबतही तू हटला नाहीस: विनंतीची तारीख धरायची, लाईनमन राउटर काढायला गेला ती नव्हे. खानापूरकडं भर पावसात लाईनमन चार-चार दिवस पोचत नाही, त्याचे पैसे गिऱ्हाइकानं का भरायचे?

मालकांना "नक्की बंद करायचंय का?" असं तीन-तीनदा विचारणारं पान हवं होतं. तेव्हा तू मोबाइलवर सरकारी नियमावलीच उघडून पुढं धरलीस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 च्या नोव्हेंबरात अशा फसव्या रचनांचे 13 प्रकार सांगून त्यांना मनाई केली; वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट करून ठेवणं हा त्यातलाच एक. मालक गप्प. मला फार बरं वाटलं, खरं सांगते.

कॅम्पातल्या फौजी लोकांच्या बदल्या निघाल्या की विनंत्यांची रांग लागते. त्यात एकच मोबाइल नंबर दोनदा चढायचा: मी पुढं शून्य लावून, संध्याकाळच्या पाळीची पोरगी एक्क्याण्णव लावून. ॲप नुसते शेवटचे दहा आकडे ताडून बघतं आणि 'ही विनंती आधीच आहे' अशी लाल पट्टी दाखवतं. शेऱ्याच्या रकान्यात लाईनमन कन्नडात लिहितो, मी मराठीत. शोधलं की दोन्ही सापडतं. आधीच्या सॉफ्टवेअरात कन्नड टाकलं की नुसते चौकोन उमटायचे.

पैशांचं विचारलं तर "शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्टच आहे की, मावशी" म्हणून हसलास. परीक्षा तोंडावर असताना रात्री माझे फोन घेतलेस ते कुठल्या प्रोजेक्टात धरायचे रे? आता तू पुण्याला नोकरीवर, तरी काही अडलं तर उत्तर येतंच.

एक काम मात्र राहिलंय. डिपॉझिटची पावती छापताना रकमेतलं शेवटचं शून्य कागदाबाहेर जातं आणि वडगावच्या म्हाताऱ्या आजी ते आम्हीच खाल्लं म्हणून भांडतात. गणपतीला येशील तेव्हा तेवढं बघून जा.

तुझी,
काउंटरवरची मावशी
टिळकवाडी, बेळगाव