विमा कंपन्यांनी खरे उत्सर्जन सांगावे

महोदय,

विमा कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांत कार्यालयातील वीज, कागदाची बचत आणि अधिकाऱ्यांचा विमानप्रवास यांचे हिशेब ठळकपणे मांडलेले असतात. ती बचत हवीच. पण या उद्योगाच्या कार्बन उत्सर्जनाचा फार मोठा वाटा हप्त्यांच्या पैशांतून केलेल्या गुंतवणुकीत आणि विमा उतरवलेल्या प्रकल्पांत दडलेला आहे. विम्याचे कवच नसेल तर नव्या कोळसा प्रकल्पाला कर्ज मिळणेही अवघड होते, एवढी ताकद या कंपन्यांच्या हाती आहे.

विमा व्यवसायाशी निगडित उत्सर्जन मोजण्याची पद्धत ‘पीसीएएफ’ या वित्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये आखून दिली. व्यावसायिक विम्यात ग्राहक कंपनीच्या महसुलाशी तिच्या हप्त्याचे जे प्रमाण, त्याच प्रमाणात तिच्या उत्सर्जनाचा वाटा विमा कंपनीच्या नावे धरला जातो. पद्धत ढोबळ आहे (हप्ता कमी केला तरी आकडा घटतो, हा तिचा मोठा दोष), तरी मोजमापाची सुरुवात तिने करता येते.

‘म्युनिक री’ या पुनर्विमा कंपनीने (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) हवामान बदलाच्या धोक्याकडे १९७३ मध्येच लक्ष वेधले होते. इतक्या वर्षांनंतर तरी उत्सर्जनाचे हे आकडे दरवर्षी जाहीर करणे नियामकांनी सक्तीचे करावे.

— एक विमाधारक