ट्रम्प यांची उमेदवारी आणि पक्षाची नियमावली

महोदय,

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी कशी पटकावली याचे उत्तर आपल्याकडे ठरलेले असते: टीव्हीवरची प्रसिद्धी, बेताल जीभ आणि चिडलेला मतदार. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण उमेदवारी मिळते ती प्रतिनिधींच्या म्हणजे डेलिगेट्सच्या संख्येवर, आणि ते कसे वाटायचे हे पक्षाची नियमावली ठरवते. ही बाजू फारशी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

२०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना उमेदवारी पक्की करायला मे महिनाअखेर उजाडली. तोवर स्वपक्षीयांनीच जाहीर चर्चांमध्ये त्यांचे वाभाडे काढले होते. अध्यक्षीय निवडणुकीतल्या त्यांच्या पराभवानंतर रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने ठरवले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही. चर्चांची संख्या कमी केली, प्रतिनिधी जिथे उमेदवार निवडतात ते राष्ट्रीय अधिवेशन ऑगस्टअखेरीऐवजी जुलैत आणले आणि राज्यांतल्या पक्षांतर्गत मतदानाचे (प्रायमरीचे) वेळापत्रक आवळले. आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना आणि नेवाडा ही चार राज्ये फेब्रुवारीत. १ ते १४ मार्चदरम्यान मतदान घेणाऱ्या राज्यांनी प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटायचे. १५ मार्चपासून मात्र पहिल्या आलेल्याला सगळेच्या सगळे प्रतिनिधी देण्याची मुभा. आघाडीवरच्या उमेदवाराने झटपट बाजी मारावी, हा हेतू. तो उमेदवार फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश किंवा त्यांच्यासारखाच कोणी असेल हे गृहीत होते. पक्षश्रेष्ठींनी आपल्या माणसासाठी रस्ता गुळगुळीत करून ठेवला आणि त्यावरून भलताच माणूस गाडी दामटत निघून गेला.

आता आकडे. २०१६ मध्ये एकूण प्रतिनिधी २,४७२, बहुमताला १,२३७. प्रत्येक राज्याला मूळचे १०, प्रतिनिधीगृहाच्या प्रत्येक मतदारसंघामागे ३, राज्य पक्षाचे पदाधिकारी म्हणून ३, आणि पक्षाच्या आधीच्या विजयांबद्दल काही जादा. यातली मेख मतदारसंघामागच्या ३ मध्ये आहे. त्या मतदारसंघात रिपब्लिकन मतदार किती, याला किंमत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या ज्या मतदारसंघांत पक्षाला औषधालाही मतदार सापडत नाहीत, त्यांनाही ३ आणि पक्षाच्या बालेकिल्ल्यालाही ३. त्यातून न्यूयॉर्कचा नियम असा की मतदारसंघात ५० टक्क्यांच्या वर गेलात तर तिन्ही तुमचे. १९ एप्रिलला ट्रम्प यांना राज्यात साठ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि ९५ पैकी सुमारे ९० प्रतिनिधी मिळाले. (त्यांची दोन मुले, इव्हांका आणि एरिक, मात्र वडिलांना मत देऊ शकली नाहीत. रिपब्लिकन म्हणून नोंदणी करण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. नियम आधी वाचून तयारी करावी लागते, या पुढे येणाऱ्या मुद्द्याशी हे जुळणारे आहे.)

साउथ कॅरोलिनाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे ५० प्रतिनिधी: २९ राज्यभरात पहिल्या आलेल्याला, उरलेले २१ सात मतदारसंघांत प्रत्येकी ३. ट्रम्प यांना मते ३२.५ टक्के. त्यांचे प्रतिस्पर्धी मार्को रुबियो आणि टेड क्रूझ २२ टक्क्यांच्या घरात अडकले. पण ट्रम्प राज्यात पहिले आणि सातही मतदारसंघांत पहिले, त्यामुळे एक तृतीयांश मतांवर ५० पैकी ५०. १५ मार्चला फ्लोरिडातही तेच: ४५.७ टक्के मते आणि सर्व ९९ प्रतिनिधी. रुबियो स्वतःच्याच राज्यात हरून बाहेर पडले. त्याच दिवशी ओहायोचे ६६ तिथले गव्हर्नर जॉन केसिक यांनी घेतले. त्यामुळे केसिक शर्यतीत टिकले, आणि विरोधी मते फुटत राहिली.

हे फुटणे आपोआप झाले नाही. रिंगणात १७ ठळक उमेदवार होते आणि प्रत्येकाचा हिशेब एकच: ट्रम्प कधीतरी कोसळणारच, तोवर आपल्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याला संपवू. बुश यांच्या पाठीशी असलेल्या ‘राइट टू राइज’ या सुपर पॅकने (उमेदवारासाठी बाहेरून अमर्याद पैसा जमवून खर्च करणाऱ्या गटाने) २०१५ च्या पहिल्या सहामाहीतच दहा कोटी डॉलरहून अधिक जमवले. त्यातले कोट्यवधी डॉलर रुबियोंविरुद्धच्या जाहिरातींत गेले. बुश यांच्या पदरी प्रतिनिधी पडले ४. दुसरीकडे ट्रम्प यांना वाहिन्यांनी फुकट दिलेल्या प्रसिद्धीची किंमत मार्च २०१६ पर्यंत दोन अब्ज डॉलरच्या जवळपास असल्याचा अंदाज तेव्हा छापून आला होता. ६ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या चर्चेसाठी वाहिनीने पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची सरासरी काढून पहिल्या दहांना मुख्य मंचावर घेतले. अशा चाचणीत नाव ओळखीचे असणाऱ्याचे फावते. निम्मा देश ज्याला वर्षानुवर्षे टीव्हीवर पाहत आला होता, तो मधोमध उभा राहिला, यात नवल ते काय?

ट्रम्प यांची दुखरी नस वेगळीच होती, आणि क्रूझ यांनी ती नेमकी हेरली. मतदार कौल देतात तो उमेदवाराला. प्रत्यक्ष अधिवेशनात जाऊन बसणारी माणसे बहुतेक राज्यांत वेगळ्या प्रक्रियेने निवडली जातात. आधी वस्तीपातळीवर, मग काउंटी, मग मतदारसंघ, शेवटी राज्याचे संमेलन. दर पायरीवर शनिवारभर ठिय्या मारून बसणारे कार्यकर्ते लागतात. असा प्रतिनिधी पहिल्या फेरीत राज्याच्या कौलाला बांधील असतो; कोणालाच बहुमत मिळाले नाही तर पुढच्या फेऱ्यांत बहुतेक ठिकाणी तो मोकळा होतो. म्हणजे ट्रम्प १,२३७ च्या अलीकडे अडकले असते, तर त्यांच्याच नावावर गेलेल्या खुर्च्यांवरून क्रूझ यांना मते पडली असती.

लुइझियानात ट्रम्प साडेतीन टक्क्यांनी जिंकले, पण दोघांना प्रतिनिधी सारखेच, १८-१८. रुबियोंचे ५ आणि कोणालाच बांधील नसलेले ५ क्रूझकडे झुकण्याची चिन्हे दिसताच ट्रम्प यांनी खटल्याची धमकी दिली. कोलोरॅडोत अध्यक्षपदासाठी मतदानच नव्हते. संमेलनांतून निवडलेले सर्व ३४ प्रतिनिधी क्रूझ यांनी नेले. इलिनॉयमध्ये मतपत्रिकेवर प्रत्येक प्रतिनिधीचे नाव छापून त्यापुढे तो कोणाचा हे लिहिलेले असते. तिथे परक्या वळणाच्या नावांना ट्रम्प यांच्याच मतदारांनी कमी मते दिली आणि हातातल्या काही जागा गेल्या. पेनसिल्व्हेनियात याच्या उलट: ७१ पैकी ५४ प्रतिनिधी थेट निवडायचे, पण कोण कोणाच्या बाजूचा हे मतपत्रिकेवर लिहायचेच नाही. प्रचारयंत्रणेने नावांची यादी मतदारापर्यंत पोहोचवली नाही, तर त्याने अंदाजाने खुणा करायच्या. ट्रम्प यांनी मार्चअखेरीस प्रचारतज्ज्ञ पॉल मॅनाफोर्ट यांना आणले ते प्रतिनिधी सांभाळण्याच्या याच कामासाठी.

‘सगळे आधीच ठरवलेले आहे’ ही ट्रम्प यांची कोलोरॅडोनंतरची ओरड अर्धीच खरी. मतदान न घेण्याचा निर्णय तिथल्या पक्षाने ऑगस्ट २०१५ मध्येच घेतला होता. ज्याला तयारी करायची होती त्याच्या हाती सात महिने होते. आणि साउथ कॅरोलिनात तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर सर्व प्रतिनिधी खिशात घालताना हाच न्यायनिष्ठुरपणा कुठे गेला होता, हे विचारायला हवे.

अडवणाऱ्यांचे प्रयत्न तर केविलवाणे होते. एप्रिलमध्ये क्रूझ आणि केसिक यांनी राज्ये वाटून घेतली: इंडियाना क्रूझ यांना, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिको केसिक यांना. दुसऱ्याच दिवशी केसिक म्हणाले की इंडियानातल्या लोकांनी मत मलाच द्यावे. ३ मे रोजी तिथले सर्व ५७ प्रतिनिधी ट्रम्प यांना मिळाले आणि क्रूझ बाहेर पडले. केसिक दुसऱ्या दिवशी. शेवटची धडपड जुलैत, क्लीव्हलँडच्या अधिवेशनात. प्रतिनिधींना सदसद्विवेकाने मत देऊ द्यावे, हा ठराव सभागृहात नेण्यासाठी ११२ जणांच्या नियम समितीत २८ सह्या हव्या होत्या. तेवढ्याही जमल्या नाहीत. मग नियमांवर राज्यवार मतमोजणी घ्या, अशी मागणी झाली. त्यासाठी ७ राज्यांतल्या बहुसंख्य प्रतिनिधींच्या सह्या लागत. काहींनी सह्या मागे घेतल्या, आकडा सातच्या खाली आला आणि आवाजी मतदानावर विषय मिटला. २०१२ मध्ये रॉम्नींचे प्रतिस्पर्धी रॉन पॉल यांच्या समर्थकांना गप्प करताना श्रेष्ठींनी अशाच पळवाटा बुजवल्या होत्या. त्याचा लाभ आता ट्रम्प यांना झाला.

डेमोक्रॅटिक पक्षात २०१६ मध्ये सगळीकडे प्रमाणशीर वाटप होते आणि शिवाय सातशेहून अधिक सुपरडेलिगेट, म्हणजे मतदारांच्या कौलाला बांधील नसलेले पक्षनेते, होते. ट्रम्प यांना प्रायमरींत मिळालेल्या साधारण ४५ टक्के मतांना तिथे बहुमताचे गणित जमवणे फार जड गेले असते, असे आमचे मत आहे.

हा धडा सर्वांत नीट गिरवला तो ट्रम्प यांनीच. २०२४ साठी कॅलिफोर्नियाच्या पक्षाने जुलै २०२३ मध्ये नियम बदलला: राज्यात ५० टक्क्यांच्या वर गेलेल्याला सर्व १६९ प्रतिनिधी. नेवाडात सरकारने ६ फेब्रुवारीला प्रायमरी घेतली, पण पक्षाने ८ तारखेच्या आपल्या कॉकसमधूनच (पक्षाने स्वतः भरवलेल्या मतदारांच्या सभांमधूनच) प्रतिनिधी द्यायचे ठरवले आणि प्रायमरीत उतरणाऱ्याला कॉकस बंद केला. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निक्की हेली प्रायमरीत उतरल्या आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाकडून हरल्या. ट्रम्प दोन दिवसांनी कॉकसला आले आणि सर्व २६ प्रतिनिधी घेऊन गेले.

– एक वाचक