पडद्यामागची पेटी दाखवणाऱ्या काकांना

काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं. मे महिन्यात माहेरी कोल्हापूरला आले तेव्हा मुद्दाम थिएटरवर जाऊन आले. दारावर दुसराच मुलगा होता. खाकी शर्ट, गळ्यात मफलर, हातात बॅटरी असं तुमचं वर्णन केलं, तर म्हणाला, "ते आता येत नाहीत." त्यापुढं त्यालाही काही ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोल्हापुरातल्या कुणी वाचलं आणि तुम्हाला ओळखलं, तर पोचवतील.

खूण पटावी म्हणून सांगते. डिसेंबर 2024, नाताळची सुट्टी, 'मुफासा: द लायन किंग'चा हिंदीतला दुपारचा खेळ. थिएटर पोरांनी भरलेलं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि थिएटरात पहिल्यांदाच आला होता. टिमॉन नावाच्या गमत्या प्राण्याच्या तोंडी श्रेयस तळपदेचा आवाज आला तेव्हा तो खुर्चीवर उड्या मारत हसला. मग पडद्यावर पूर आला. सिंहाचं पिल्लू आईबापांपासून तुटून वाहत जातं, तो प्रसंग.

तो रडला नाही, ओरडला नाही. त्यानं दोन्ही पाय उचलून खुर्चीत घेतले आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मी त्याला कॉटवर उभं केलं होतं आणि सारखी सांगत होते, पाय वर घे, पाय वर घे. वीज गेलेली. खालच्या अंधारात भांडी तरंगत एकमेकांवर आपटत होती आणि गॅसची टाकी दाराला धडका देत होती. त्यानंतर शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढलेला दिवस त्याला आठवत नाही, घरातला चिखलही आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो. मोठ्या पावसात तो कानांवर उशी दाबून झोपायचा. तो फक्त लहान पिल्लांचा सिनेमा असेल असं धरून मी त्याला आणलं होतं, गोष्ट आधी बघून घेतली नाही. ती चूक माझी.

त्याला उचलून बाहेर आणलं तर तुम्ही दारातच होतात. "काय झालं वो ताई?" मी एवढंच म्हटलं, की चिपळूणचे आहोत. तुम्ही आणखी काही विचारलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. तुम्ही स्टूल पुढं सरकवलं, त्याच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "तू हितंच थांब. मी आत बघून येतो, पिल्लाचं काय झालं ते."

काका, ह्या एका वाक्यासाठी मी तुमचे किती आभार मानू? तीन वर्षं आम्ही घरातली सगळी मोठी माणसं त्याला "घाबरायचं नाही हं" आणि "काही नाही होत" असं सांगत आलो होतो. काही नाही होत, हे खोटं होतं आणि त्याला ते माहीत होतं. झालं होतं ना. तुम्ही त्याला धीराचा शब्द दिला नाहीत, बातमी आणून दिलीत.

पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणालात, "पिल्लू वाचलं रं. दुसऱ्या एका पिल्लानं हात दिला त्याला." दुसऱ्यांदा म्हणालात, "पाणी ओसरलं. आता नुसतं गवात हाय." तिसऱ्यांदा तुम्ही उठायच्या आतच त्यानं विचारलं, "मी पण येऊ बघायला?" दाराचा पडदा बाजूला करून तुम्ही त्याला पुढं घेतलंत, बॅटरी त्याच्या हातात दिलीत आणि दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसवलंत. "बाहेर यावंसं वाटलं तर बॅटरी लाव, मी हाय." उरलेला सगळा सिनेमा त्यानं ती बॅटरी दोन्ही हातांत धरून बघितला. एकदाही लावली नाही.

आमच्यासाठी एवढंही पुष्कळ होतं. पण खेळ सुटल्यावर झाडलोट चालू असताना तुम्ही म्हणालात, "चल, तुला पाणी कुठनं येत होतं ते दावतो."

पडद्याच्या मागं जाता येतं, हे मलाही माहीत नव्हतं. मी ह्याच गावात वाढले, कलापूर म्हणून मिरवणाऱ्या ह्या गावात शेकडो सिनेमे बघितले, पण पडद्याची मागची बाजू कधी बघितली नव्हती. कडेनं जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, वर धूळ, जमिनीवर जाड काळ्या वायरी. तुम्ही पडद्यामागून बॅटरी मारलीत आणि सगळा पडदा बारीक बारीक भोकांनी चमकला. मुलानं बोट लावून बघितलं. तुम्ही सांगितलंत की ही भोकं समोरून दिसत नाहीत, पण ती नसती तर आवाज मागंच कोंडून राहिला असता. मग त्या पेट्या. डावीकडं एक, मधे एक, उजवीकडं एक, त्याच्याहून उंच. माणसं बोलतात ती बहुतेक मधल्या पेटीतून, आणि गडगडाट, पाणी, धरणीकंप असलं सगळं जमिनीवरच्या त्या मोठ्या पेटीतून, जिला तुम्ही 'बेस' म्हणालात.

तुम्ही वर ऑपरेटरला हाक मारलीत, "बारीक आवाजात लाव रं जरा!" आणि मुलाचा हात धरून बेसवर ठेवलात. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आधी हात झटकन मागं घेतला. मग त्यानं आपण होऊन पुन्हा ठेवला.

"थरथरतंय," तो म्हणाला.

"तेच ते. हेच तुझ्या पोटात घुसलं हुतं."

"आणि पाणी?"

"पाणी न्हाईच. चित्र हाय ते, कॉम्प्युटरवर काढल्यालं."

"सिंह?"

"सिंहबी न्हाई."

तो बराच वेळ तिथून हलला नाही. पुढच्या खेळाची माणसं आत यायला लागली, तेव्हा तुम्हीच त्याला कडेवर घेऊन बाहेर आणलंत. मी पैसे पुढं केले तर तुम्ही हात मागं बांधलेत. त्यालाच म्हणालात, "पुढच्या टायमाला ये, मशीनबी दावतो." गडबडीत मी 'येतो' म्हटलं आणि नाव विचारायचं विसरले.

तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक आवाजाची पेटी शोधणं चालू आहे. मिक्सरची पेटी, रेल्वेची पेटी, रात्री ओरडणाऱ्या टिटवीची पेटी. दिवाळीत आम्ही कोल्हापूरला येतो आहोत. तुम्ही कुठं असता ते कळलं तर तो तुम्हाला भेटायला येईल. त्याला मशीन तर बघायचंच आहे, शिवाय तुम्हाला सांगायला त्याच्याकडं बरंच आहे.

त्यातली एक गोष्ट मीच आधी सांगते. यंदा जूनमध्ये एका रात्री तुफान पाऊस लागला. अशा रात्री चिपळूणमध्ये कुणी नीट झोपत नाही. भरती किती वाजता आहे, कोळकेवाडी धरणाकडून पाणी किती येतंय, ह्याचे फोन चालू असतात. मी मुलाच्या खोलीत गेले तर तो जागा होता आणि उशी डोक्याखाली होती. म्हणाला, "आई, हा पत्र्याचा आवाज आहे. हा पन्हळीचा. आणि तो लांबचा नदीचा, हो ना?" हो म्हटलं. नदीचा त्यानं खूप वेळ ऐकला. मग म्हणाला, "काकांसारखं बघून ये ना, पाणी कुठवर आलंय."

मी बॅटरी घेतली, कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले आणि त्याला सांगितलं. रस्ता ओला होता, पाणी नव्हतं.

तुमची कृतज्ञ,
चिपळूणची एक आई