रश्मी, मागचे दोन टायर

परळ,
१७ जून २०२५

चि. सौ. रश्मी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून निघालीस ती थांबलीच नाहीस. आई म्हणते फोन करा. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो. म्हणून कागद काढला. गुरुवारी आई तुझ्याकडे यायची आहे, डब्यासोबत हे पण देईल.

आधी सावंतांचं. तू घेतलेली जुनी गाडी बघून त्यांनी विचारलं, "जावयाची वाटतं गाडी?" आणि मी नुसतं "हं" म्हणालो. तू जिन्यात उभी होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून ते कमी चुकीचं ठरत नाही. पैसे तुझे, हप्ता तुझा, शोधाशोध तुझी. अभिजितराव बिचारे सगळ्यांना तेच सांगत होते. मग माझी जीभ का रेटली नाही? दोन दिवस विचार करतोय. गाडी तुझी म्हटलं की ती तूच चालवणार, रात्री अकराला ऑफिस सुटल्यावर तूच कोस्टल रोडच्या त्या बोगद्यातून येणार. ते तोंडातून काढवेना. माझं चुकलं. तुझ्या आनंदाच्या दिवशी चुकलं, याचं जास्त वाईट वाटतं.

आता दुसरं सांगतो, त्यावर रागावू नकोस. तुम्ही सगळे वर जेवायला बसलात तेव्हा मी पानं आणायला म्हणून खाली गेलो. पानं आणलीच नाहीत, तुझ्या लक्षात आलं असेल. टीव्हीशेजारची चावी घेतली होती, न विचारता. अर्धा तास गाडीपाशी होतो.

दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करतात, पण बेल्ट कोणी शेवटपर्यंत बाहेर काढून धूत नाही. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. २००५ च्या जुलैनंतर अशा कितीतरी गाड्या बाजारात आल्या होत्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, किती गाड्या पाण्याखाली गेल्या असतील विचार कर. तुझ्या बेल्टला रेघ नाही. सीटखालच्या पट्ट्यांना गंज नाही. डिकीचा गालिचा उचलून वास घेतला, कोरडा. पुढच्या मडगार्डाचे बोल्ट पाहिले, त्यांच्यावरचा रंग पान्याने कुठे उडालेला नाही, म्हणजे ते कधी खोलले नाहीत. चौदा वर्षांची गाडी आणि एकतीस हजार किलोमीटर, हे मला पटत नव्हतं. पण ब्रेकचं पेडल, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची कड, तिन्ही ठिकाणी झीज तेवढीच आहे. आकडा खरा असावा.

गाडी चांगली निवडलीस. हे तोंडावर सांगायला हवं होतं. वडाळा बस डेपोत चौतीस वर्षं फिटर होतो, मला न विचारता माझ्या मुलीने जुनी गाडी घेतली आणि ती बरोबर घेतली, तर मला दुसरं काय हवं?

पण टायर.

नक्षी भरपूर आहे, म्हणून तुला कोणी काही बोललं नसेल. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. तुझ्या पुढच्या दोन्ही टायरांवर ११२० आहे, म्हणजे मार्च २०२०, लॉकडाऊन लागलं त्याच महिन्यातले. मागच्या दोघांवर ३४१६ आहे. २०१६ चा ऑगस्ट. तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं. मागच्या डाव्या टायरच्या बाजूवर अंगठा दाबून धरला आणि मोबाईलचा उजेड टाकला, तर बारीक भेगा दिसल्या, टाचेला पडतात तशा. गाडी उभी राहिली म्हणून टायर जपला जात नाही. चालत्या टायरचं रबर मऊ राहतं, एका जागी उभ्या असलेल्याचं सुकतं. एकतीस हजाराचा तुला आनंद झाला, मला त्याचीच भीती वाटली.

आणि तुझी गाडी मागच्या चाकांवर ओढते. इंजिन पुढे, ताकद मागे, तीनशे घोड्यांच्या वर. ती सगळी ताकद त्याच दोन टायरांतून रस्त्यावर उतरते. कोरड्या रस्त्यावर काही होणार नाही. जूनमध्ये काय करणार? मागचे टायर २५५ मिलिमीटरचे, चांगले रुंद आहेत. रुंद टायर पावसात बरा असं लोकांना वाटतं. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं, रुंद टायर लवकर तरंगायला लागतो. त्याच्या चऱ्यांना पाणी बाहेर फेकायला वेळच मिळत नाही. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं की समज. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, झटका द्यायचा नाही, पाय हळूच उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. तुला हे सांगायची गरज नाही, तुला मीच शिकवलंय, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, पाटीलमामांच्या फियाटवर. पहिल्याच दिवशी क्लच न फेकता गाडी उचललीस. मामा म्हणाले, हिला डबलडेकरच द्या.

तुला आठवतं का, १२३ नंबरच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली नाही तर तू उतरायला लावायचीस? दुसरी बस येईपर्यंत आपण उभे. मग ती खिडकी, समोर सगळा मरीन ड्राइव्ह, आणि तू दोन्ही हात हवेत धरून वळणं घेणार. आईची हळद-कुंकवाची चिठ्ठी माझ्या खिशात तशीच, रानडे रोडला जायचं राहिलेलं. दसऱ्याला डेपोत गाड्यांना झेंडू लावायचे तेव्हा तुला खऱ्या स्टिअरिंगवर बसवायचो. पाय पोचायचे नाहीत. जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या, तेव्हा शेवटच्या गाडीचा फोटो तूच मला पाठवला होतास. मी उत्तर दिलं नव्हतं. देता आलं नाही.

विषय कुठे गेला. टायर.

चारही बदल. पुढचे अजून वर्षभर चालतील असं दुकानदार सांगेल, चालतीलही. पण मागचे दोन याच आठवड्यात. पुढचे २२५ आणि मागचे २५५, मापं वेगळी आहेत, म्हणून पुढचा मागे टाकून काम भागणार नाही. हे रनफ्लॅट आहेत. पंक्चर झालं तरी ८० च्या आत वेग ठेवून ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, म्हणूनच डिकीत स्टेपनी नाही. यात एक धोका आहे. बाजू कडक असल्यामुळे हवा गेलेली डोळ्यांना दिसत नाही. डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा लागला तर "सेन्सर बिघडला असेल" म्हणून पुढे जाऊ नकोस. आम्ही डेपोत रॉडने टायर ठोकायचो. भरलेला टण्ण वाजतो, उतरलेला थप्प. तुझ्याकडे रॉड नाही, हवा मोजायचा गेज घे. महिन्यातून दोनदा, सकाळी गाडी थंड असताना. किती पाउंड ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं आहे. पंपवाला सवयीने पस्तीस भरेल, त्याला भरू देऊ नकोस. नवे टायर घेशील तेव्हाही चार आकडे वाचल्याशिवाय बसवून घेऊ नकोस. दुकानात पडून राहिलेला टायर पण म्हाताराच.

बघ, लेक्चर झालं. मला माहीत आहे तू मान हलवत असशील. आई बाजूला बसून म्हणतेय, तिला लहान मूल समजू नका. नाही समजत.

बाकीचं भराभर लिहितो. विमा अजून जुन्या मालकाच्या, त्या शेठजींच्या नावावर आहे म्हणालीस. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यायचा असतो. तो केला नाहीस तर दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीचं निघत नाही. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तुला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म एजंटावर सोडू नकोस, पावती स्वतःकडे ठेव. नोंदणी २०११ ची आहे, म्हणजे पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतात. परत पासिंग आणि पर्यावरण कर, त्याचे पैसे बाजूला काढून ठेव. ब्रेक ऑइल आत्ताच बदल, ते हवेतलं पाणी पितं, दोन वर्षांच्या वर ठेवू नये. या इंजिनात पाण्याचा पंप बेल्टवर नाही, विजेवर आहे, तो थांबायच्या आधी सूचना देत नाही. तापल्याची खूण दिसली की जिथे असशील तिथे कडेला घे आणि बंद कर. टप उघडायला वीस सेकंद लागतात ते तू सगळ्या मजल्यांना दाखवलंस, पण त्याच्या कडेच्या पन्हळी पानांनी तुंबतात, म्हणून गुलमोहराखाली लावू नकोस.

आणि पावसात तुंबणारा हिंदमाता चौक. आपल्या घरी यायचा तोच रस्ता. गुडघाभर पाण्यात बस जाते म्हणून तू बसच्या मागे घालू नकोस. तुझी गाडी माझ्या पोटरीएवढी. इंजिनात पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही, काही झालं तरी नाही. पाऊस असेल त्या दिवशी लोकलने ये. मी स्टेशनला येतो.

गणपतीला देवगडला हीच गाडी नेणार असं आईला बोललीस. वेगाबद्दल मी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, हे तिथे लिहिलेलंच आहे, तू वाचतेस. पण ऑगस्टमधला गोव्याचा रस्ता, रात्रीचा प्रवास, मागे त्या भेगा पडलेल्या दोन चाकांवर. आणि गावात पोचलीस तरी पाणंदीत खाली घासणारच, जांभ्याचे दगड वर आलेत. त्यापेक्षा रेल्वेची तिकिटं बघतो. नको म्हणालीस तर नाही बघत. पण मग टायर आधी.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

रविवारी बाळूकाका त्या सीटमध्ये बसला. काठी तुझ्या हातात दिली, पाय हाताने उचलून आत घेतला आणि हसायला लागला. तेहतीस वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तू म्हणालीस, पप्पा तुम्ही पण बसा, आणि मी गॅलरीत निघून गेलो. तुला वाटलं असेल मला ती गाडी आवडली नाही.

बाळूच्या पायाचं सगळे म्हणतात घाटात ब्रेक लागले नाहीत. आजीही तेच सांगायची. ब्रेक नव्हते गेले. ९२ ची दिवाळी होती, त्याने जुनी फियाट घेतली होती, पुण्याला निघाला होता. आदल्या रात्री मला म्हणाला, दादा, एकदा नजर टाक. मी ड्यूटीवरून दमून आलो होतो. नक्षी बघितली, चांगली होती. म्हणालो, दिवाळी काढतील, नंतर बदलू. बाजू बघितली नाही. मागचा डावा होता. खंडाळ्याला फुटला.

बाळूला माहीत आहे. त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, मलासुद्धा बोलून दाखवलं नाही. तुझ्या आईलाही मी आत्ता, हे लिहिताना सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला गेली.

माझ्या ओळखीचा टायरवाला लालबागला आहे, मापं सांगून ठेवलीत, मागवायला तीन-चार दिवस लागतील म्हणाला. पैसे मी देतो असं म्हणणार नाही, तू चिडशील. मागच्या दोघांचे घे, वाढदिवसाचे म्हणून. शनिवारी सकाळी ये, पाऊस असला तर तिथेच थांब, मीच टॅक्सीने येतो. बसवताना मी उभा राहीन. तारीख मी वाचीन, तूही वाच. मग मला वरळीपर्यंत ने, टप उघडं ठेवून.

तुझा,
पप्पा

ता.क. आज दूध आणायला गेलो तेव्हा सावंत गेटवर भेटले. त्यांना थांबवून सांगितलं, गाडी रश्मीची आहे, तिने स्वतःच्या पैशाने घेतली. किंमत विचारली नाही त्यांनी. मायलेज विचारलं. मी म्हटलं, ते तिलाच विचारा. शनिवारपर्यंत रात्रीची काढू नकोस. मागचा डावा जास्त खराब आहे.