गिरण बंद झाली

वेंगुर्ला,
श्रावण, पाऊस चालूच

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. अण्णांची साखर ताब्यात आहे, गुडघा होता तसाच. आई बरी. मी बरा. हा विषय संपला.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि शेवटी गाडी तुझ्या त्या रेडिएटरवर नेतोस. आज माझं पूर्ण ऐकून घे. माझं ग्राफिक्स कार्ड गप्प झालंय.

परवा रात्री कुडाळच्या त्या आर्किटेक्टसाहेबांच्या होमस्टेचं रेंडर (नकाशावरून मशीन जे हुबेहूब चित्र काढतं ते) लावून बसलो होतो. दीडच्या सुमाराला अण्णा उठून दारात आले. "काय रे, मशीन मेला काय तुझा?" गेला सबंध उन्हाळा हाच माणूस मध्यरात्री ओरडायचा, "ती गिरण बंद कर आधी, माका झोप येणा नाय!" आता आवाज येत नाही म्हणून झोपमोड. हे ज्याला सांगावं असा तुझ्याशिवाय कोणी नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, आता पडवीतला पंखाही बघा, तोही खरखरतोय.

तर कहाणी अशी. कार्ड ३०६० मॉडेलचं आहे, म्हणजे १७० वॉट. ती उष्णता शेवटी खोलीतच येणार, पंखा छोटा लावा नाहीतर मोठा. पण कार्डासोबत आलेले पंखे टीचभर, त्यांना तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने पळावं लागतं. त्यात इथली खारी हवा. बेअरिंग सुकलं, खुळखुळा झाला. तेल सोडून बघितलं, पुन्हा तेच. मग प्लास्टिकचं कवच आणि पंखे दोन्ही काढले, उघड्या हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा) १२० मिमीचे दोन केसफॅन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीला लावतात ते पंखे, बसवले आणि केबल टायने आवळले. लोक करतात हे, नवीन काही नाही. आपल्याकडची भर म्हणजे बूच. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधली फट बंद केली नाही तर हवा आत न जाता बाजूने पळते. त्यासाठी गेल्या चतुर्थीच्या मखराचा सनबोर्ड कापला. आई म्हणाली, गणपतीची वस्तू मशीनला? अण्णा म्हणाले, तोही बुद्धीचाच देव आहे. मी तोंड मिटून कापत राहिलो.

हिशेब तुला तोंडपाठ असेल, तरी लिहितो, कारण हॉस्टेलवर तू तो मान्य करायला तयार नव्हतास. फेऱ्या अर्ध्या केल्या की हवा अर्धीच होते, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणून मोठा पंखा, हळू फिरणारा. माझे आठशे-नऊशेवर फिरतात. वर कार्डाची वीजमर्यादा १७० वरून १२० वर आणली. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, रात्रीच्या कामाला काय फरक पडतो?

पंख्यांच्या वायरीवरून मात्र डोकं फिरलं. कार्डावरचं सॉकेट चार पिनांचंच, पण नखाएवढं, केसफॅनची पिन त्यात जात नाही. मदरबोर्डला जोडले तर ते प्रोसेसरचं तापमान बघून फिरणार. इकडे कार्ड भाजतंय आणि पंखे निवांत! शेवटी अडॅप्टरची वायर मागवली. पावसात कुरियरवाला कुडाळहून पुढे यायला तयार नव्हता, मीच जाऊन आणली, सोबत तुझ्या आवडीचे काजूही घेतले. (ते संपले.)

आणि पाल! तुला आठवत असेल, इन्व्हर्टरच्या बोर्डात पाल शिरून काय झालं होतं. इथे केसची कड उघडी ठेवायची सोय नाही. मच्छरदाणीची जाळी लावली तर हवा अडते, पंखा कण्हतो. जाळी पंख्याला चिकटवून न लावता चार बोटं लांब, केसच्या कडेला ताणली, तेव्हा कण्हणं थांबलं.

आता माझी काळजी. हीटसिंक काढल्याशिवाय चिपवरची जुनी, उष्णता पोचवणारी पेस्ट पुसता येत नव्हती, तो काढला, तर मेमरीच्या चिपांवरचे थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारे मऊ तुकडे) हात लावताच भुगा. नवे टाकले, जे मिळाले ते. कोअर, म्हणजे मुख्य चिप, ६६ अंशांवर, हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यावरची सगळ्यात गरम जागा, ७८ वर, फरक थोडाच, म्हणजे कोअरवर हीटसिंक नीट बसलाय. पण मेमरीचं तापमान हे कार्ड दाखवतच नाही! पॅड जाड असता तर कोअरच बसला नसता, म्हणजे तो जाड नाही. पातळ असला तर? चिप आणि धातूच्या मध्ये केसभर हवा राहिली तर कळणार कसं? पूर्वी पंखे बोंबलायचे, त्या बोंबेवरून मला अंथरुणातून अंदाज यायचा. आता काहीच नाही. उठतो, जातो, कार्डाच्या पाठीला बोट लावतो, परत येतो. अण्णांची झोप लागली, माझी गेली.

दमटपणाची भीती तेवढी नाही. चालू कार्ड खोलीपेक्षा गरम असतं, त्यावर दव धरत नाही. बंद ठेवलं की धोका. म्हणून कपाटात कॅमेऱ्याजवळ बल्ब ठेवतो त्याच न्यायाने, काम नसलं तरी रोज तासभर मशीन चालवतो. मीठ मात्र ऐकत नाही. हीटसिंकच्या कडेला ॲल्युमिनियम पांढरं धरायला लागलंय. इथेच मला तुझा रेडिएटर आठवला आणि खूप हसलो. कॉम्प्युटर पाण्याने थंड करायला भंगारातल्या गाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, चिपवरचा ब्लॉक तांब्याचा, पंप माशांच्या टाकीचा आणि पाणी नळाचं! दोन धातू एका पाण्यात, खातं कोणाला? ॲल्युमिनियमला. मी तेव्हा हेच म्हणत होतो आणि तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नव्हतास. पंपाचे पैसे अजून तुझ्याकडे आहेत, विसरलो नाही.

तुझी बदली झाली म्हणे. नवी जागा कशी? छोटी पहिलीत गेली ना? वहिनींना नमस्कार सांग. ठाण्याचा पाऊस टीव्हीवर पाहिला, सांभाळून राहा.

चतुर्थीला येणार आहेस असं गृहीत धरतो. घर भरलेलं असेल, तुझी गादी या मशीनच्याच खोलीत पडेल. येताना लॅमिंग्टन रोडला चक्कर मार आणि थर्मल पॅड आण, १ मिमी आणि १.५ मिमी दोन्ही, स्वस्तातले नकोत. जमलं तर व्हर्नियर कॅलिपरही आण, माझ्या कॅलिपरवर गंज चढलाय. दोघे बसून पुन्हा उघडू. चिपेवर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवायचा, हीटसिंक दाबायचा आणि किती जाडी उरते ती मोजायची, मला एवढंच सुचतंय. तुझ्याकडे याहून बरा उपाय असला तर आधी कळव. त्यात पाणी असेल तर कळवू नकोस.

तुझा,
नान्या

ता. क. अण्णांना पॅडचं सांगू नकोस. ते म्हणतात, आता सगळं चांगलं चाललंय, हात लावू नको.