शिबिरात शौचाचंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. वय ६९. गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत मला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. आमच्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध आणि चिकट पडलं की आव. तिसरं काही असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनीही न तपासताच मलम दिलं. कुड्याच्या सालीचा काढा झाला, तिखट बंद झालं. वर्षभरात वजन नऊ किलो उतरलं. पहाटे सून उठायच्या आत विहिरीवर लेंगा धुवायचो. एकदा तिने डाग पाहिलाच, तेव्हा काजूच्या बोंडूचा डाग म्हणून सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिनेच पुतण्याला कोल्हापूरला फोन केला.

ज्या आंबा घाटातून वर्षानुवर्षं तिकिटं फाडली, तिथून जाताना साखरप्याला आणि मलकापूरला गाडी थांबवावी लागली. कोल्हापूरला दुर्बिणीने मोठं आतडं तपासलं, तपासणीसाठी तुकडा काढला. संसर्ग किंवा आतड्याचा क्षय नाही ना, हे आधी पाहिलं. निदान निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते, सूज येते, व्रण पडतात. हा तरुणांचा आजार समजतात, पण जगभरच्या नव्या रुग्णांत साधारण १० ते १५ टक्के साठीनंतरचे असतात. गुडघ्यांसाठी मी मेडिकलमधून परस्पर आणून खायचो त्या वेदनाशामक गोळ्यांनीही हा आजार उसळू शकतो, हे तिथेच कळलं. त्या बंद केल्या. सुरुवातीला स्टिरॉइड दिलं, त्याने साखर वाढली. हाडंही ठिसूळ होतात म्हणून ते हळूहळू कमी करून थांबवलं. आता आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामिन या औषधावर आहे. दिवसातून दोनदाच जावं लागतं.

आमच्या पंचक्रोशीत ज्येष्ठांची आरोग्य शिबिरं होतात. साखर, बीपी, मोतीबिंदू सगळं बघतात. मीही त्या वर्षात अशा दोन शिबिरांना गेलो, रांगेत उभा राहिलो, औषधं घेऊन परतलो. शौचाचं कुणी विचारलं नाही आणि लाजेने मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी बोललो असतो. म्हणून आयोजकांना हात जोडून विनंती आहे : नाव-वय लिहिता त्या कागदावर ‘शौचावाटे रक्त जातं का? महिनाभर जुलाब आहेत का?’ एवढे दोन प्रश्न घाला, आणि ते रांगेत सगळ्यांसमोर नको, आडोशाला नेऊन विचारा. ‘हो’ म्हणणाऱ्याला मलम देऊन घरी न पाठवता दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी द्या.

– एक निवृत्त एसटी कर्मचारी, जि. रत्नागिरी