बेअर्डेड ड्रॅगनची दोन पिल्लं 'बहिणी' म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर / कस्टमर केअर

नमस्कार,

तुमच्या दुकानातून मी बेअर्डेड ड्रॅगन ह्या पाळीव सरड्याची दोन पिल्लं घेतली, सोबत तीन फुटी व्हिव्हेरियम (ठेवायची काचेची पेटी), ऊब देणारा बास्किंग बल्ब, उन्हासारखे यूव्ही किरण देणारी यूव्हीबी ट्यूब, सगळं तुमच्याकडचंच. काउंटरवरच्या दादांनी माझ्याशी मराठीतच बोलून सगळं समजावलं होतं म्हणून तक्रार पण मराठीत लिहितेय, इंग्लिश कॉपी हेड ऑफिसला मेल केलीय. पावती, फोटो आणि व्हेटचे (प्राण्यांच्या डॉक्टरांचे) कागद जोडलेत.

दादांनी सांगितलं की दोघी माद्याच आहेत, सख्ख्या बहिणी, एकत्रच ठेवा, वेगळ्या केल्या तर खाणार नाहीत. एवढ्याशा पिल्लाचं कळतं कसं असं मी तिथेच विचारलं, तर म्हणाले ब्रीडरनी (पिल्लं पैदा करून विकणाऱ्यानी) अंडी जास्त गरम ठेवली होती, त्यात सगळ्या माद्याच निघतात, गॅरंटी. पावतीवर पण फीमेल २ असं छापलंय.

घरी आल्यावर मोठी जी बल्बखालच्या दगडावर बसली ती हलेचना आणि धाकटी, चिंगी, कायम तिच्या पोटाखाली दबलेली. मी फोन केला तर उत्तर मिळालं, प्रेमानी चिकटून बसतात. चिंगी सारखा पुढचा एक हात गोल गोल फिरवते म्हटलं तर म्हणे हाय करतेय. मग एक दिवस चिंगीच्या शेपटीचं टोक गेलेलं, पाठोपाठ मागच्या पायाची दोन बोटं. तेव्हा मी तडक रेप्टाइल बघणाऱ्या व्हेटकडे गेले आणि तिथे कळलं की वर बसणारा खालच्याची ऊब आणि यूव्ही दोन्ही अडवतो, ऊब नाही तर खाल्लेलं पचत नाही आणि यूव्ही नाही तर हाडांना कॅल्शियम मिळत नाही. हात फिरवणं म्हणजे मी शरण आलेय, मला मारू नको. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, एकट्यानी राहणारा, त्याला सोबत लागत नाही. पिल्लं तर भूक लागली की हलणाऱ्या बोटावर पण तोंड मारतात. आणि पालीची शेपटी परत येते तशी ह्यांची येत नाही, चिंगी आता जन्मभर तशीच राहणार, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मोठी नर आहे. व्हेटनी शेपटी हलकेच वर उचलून खालून टॉर्च धरला, बुडाशी दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे खाच, मला पण स्वच्छ दिसले. मादीला असलाच तर मधोमध एकच असतो, चिंगीचं तसंच आहे. पण हे आत्ता दिसतंय, विकली त्या वयात कोणीही खात्रीनी सांगू शकत नाही असं व्हेटनी लिहून दिलंय. दोघं एकत्र राहिली असती तर चिंगी पूर्ण वाढायच्या आधीच अंड्यांवर आली असती, एका वेळेला वीसेक अंडी, त्यासाठी कॅल्शियम तिच्याच हाडांतून जाणार आणि अंडी अडकली तर जीवावर बेतणार.

आता गरम अंड्यांचं. २०१५ मध्ये कॅनबेरा युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण ३२ डिग्रीच्या वर ठेवलेल्या अंड्यांत जनुकांनी नर असलेली काही पिल्लं मादी होतात. काही, सगळी नाही, तापमान जितकं वर तितकं प्रमाण जास्त. तुमच्याकडे तापमानाची नोंद मागितली तर ती नाहीच. मग गॅरंटी कशाच्या जोरावर दिली?

इथे इंग्लंडमध्ये प्राणी विकायच्या लायसन्सचे २०१८ चे नियम आहेत, त्यात ग्राहकाला वय आणि लिंग 'माहीत असेल तर' सांगायचं असं आहे. माहीत नव्हतं तर नक्की नाही म्हणायचं होतं, मी तरीही घेतलं असतं पण दोन वेगळ्या पेट्या घेतल्या असत्या. अॅनिमल वेल्फेअर अॅक्ट २००६ मध्ये तर प्राण्याला इतरांसोबत किंवा इतरांपासून वेगळं ठेवायची गरज स्पष्ट लिहिलीय. आणि समजा दोघी खरंच माद्या असत्या तरी बोटं गेलीच असती, कारण एवढ्या लहान वयात भांडण होतं ते खाण्यावरून आणि बल्बखालच्या जागेवरून.

पिल्लं मी परत देणार नाहीये. मला व्हेटचं पूर्ण बिल आणि दुसऱ्या व्हिव्हेरियमचे, बल्ब ट्यूबसकट, पैसे हवेत, कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ प्रमाणे माल सांगितल्यासारखा नव्हता. दुसरं म्हणजे तुमच्या शेल्फवरचं जोडीनी घ्या असं कार्ड काढा, मी परवा गेले तेव्हाही तिथेच होतं आणि एका काचेत सहा पिल्लं एका बल्बखाली होती, त्यातल्या एकाची शेपटी तुटलेली. ती आधी वेगळी करा, माझ्या पैशांच्या आधी.

१४ दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर हेच कागद काउन्सिलच्या लायसन्सिंगवाल्यांना पाठवेन. फोन नको, मेलच करा.

तुमची ग्राहक
(नाव आणि पावती नंबर मेलमध्ये आहे)